‘आजी, नॉट गेट डाउन. गेट ऑफ!’

सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिकेचं पत्र आलं आहे. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं तेव्हापासून त्या हा विषय शिकवतात. त्यांची लेक त्यांच्याच शाळेत शिकली, आता लंडनला असते. या उन्हाळ्यात बाई तिच्याकडे गेल्या होत्या. सात वर्षांच्या नातवाला घेऊन बसने जाताना त्या त्याला म्हणाल्या, ‘कम, वी हॅव टू गेट डाउन अ‍ॅट द नेक्स्ट स्टॉप.’ नातवाने सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, ‘आजी, नॉट गेट डाउन. गेट ऑफ!’ समोरच्या सीटवरची एक बाई हसली. रात्री लेकीनेही ‘अगं आई, इथे तसं नाही म्हणत’ एवढं बोलून विषय मिटवला. बाईंच्या डोक्यातून मात्र तो जाईना. त्या विचारतात: ‘इतकी वर्षं मी पोरांना चुकीचं शिकवलं का? आता वर्गात जाऊन तसं कबूल करू का? सहकारी म्हणतात, कशाला डोक्याला ताप, आपली पोरं कुठं लंडनला निघालीत! शिवाय ‘गेट ऑफ’सारखी, क्रियापदाला छोटा शब्द जोडून होणारी फ्रेजल व्हर्ब्ज हजारोंनी आहेत म्हणे. ती मलाच धड येत नाहीत, तर मी शिकवू कोणत्या तोंडाने?’

प्रिय बाई,

बसमधली ती बाई तुमच्या इंग्रजीला हसली, हे तुम्ही धरूनच चालला आहात. सात वर्षांचं पोरगं भर बसमध्ये आजीची शिकवणी घेतंय, हे पाहून कुणालाही हसू आलं असतं. सातारा-कराड एसटीतसुद्धा आलं असतं. तिच्या मनात काय होतं ते तुम्हाला-मला कळायला मार्ग नाही. पण तुमच्या पत्रातली निम्मी शरम त्या हसण्यावर उभी आहे, म्हणून ते आधी बाजूला ठेवू आणि मग शब्दाकडे बघू.

तुमचा नातू जिथे वाढतोय तिथे बसमधून उतरण्याला ‘गेट ऑफ’ म्हणतात, हे त्याचं अगदी बरोबर. ब्रिटनमध्ये, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, सगळीकडे तसंच. पण म्हणून ‘गेट डाउन’ हे काही तुम्ही एकटीने घरी तयार केलेलं इंग्रजी ठरत नाही. चेन्नईपासून चंडीगढपर्यंत माणसं बसमधून ‘गेट डाउन’ होतात आणि कुणाचा गोंधळ होत नाही. का ते पाहा. मराठीत उतरणं, हिंदीत उतरना, गुजरातीत ऊतरवुं, बंगालीत नामा, कन्नडमध्ये इळि, तमिळमध्ये इरंगु. यातल्या प्रत्येक शब्दात शिडीवरून खाली येणंही आहे आणि गाडीतून बाहेर पडणंही आहे. इतक्या भाषांची माणसं इंग्रजी बोलायला लागल्यावर एकाच जागी येऊन पोचली. ती सगळीच्या सगळी चुकली असं म्हणायचं, की भारतातल्या इंग्रजीचा तो एक रिवाज झाला असं म्हणायचं? मी दुसरं म्हणते. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे त्यांच्यातही असे रिवाज वेगळे असतात. इंग्लंडातला माणूस लिफ्टमध्ये ‘गेट इन’ करतो, अमेरिकेतला तिथे ‘गेट ऑन’ही म्हणतो. न्यूयॉर्ककर रांगेत ‘ऑन लाइन’ उभे राहतात आणि बाकीची अमेरिका ‘इन लाइन’. त्यावरून एकमेकांची चेष्टा करतात, पण आपल्याला इंग्रजी येत नाही असं कुणी मनाला लावून घेत नाही.

एवढ्यावर ‘मग चालू द्या’ म्हणून मी हात झटकणार नाही. कारण भारताबाहेर ‘डाउन’ दुसऱ्या कामाला जुंपलेला आहे. नुसतं ‘गेट डाउन!’ असं ओरडलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी डोक्यावर येतंय, खाली वाका. लंडनच्या भरगच्च ट्यूबमध्ये, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेत, नातवाला घाईने अशी हाक मारलीत तर आजूबाजूची माणसं दचकतील. भिंतीवर चढलेल्या पोराला ‘गेट डाउन’ म्हणतात. अंगावर उड्या मारणाऱ्या कुत्र्यालाही तेच. आणि गंमत म्हणजे ब्रिटनमध्ये जेवण झाल्यावर टेबलावरून उठायची परवानगी मागताना लहान मुलं विचारतात, ‘मे आय गेट डाउन?’ तुमच्या नातवाच्या घरात किंवा शाळेत ही पद्धत असेल, तर तो स्वतः रोज ‘गेट डाउन’ म्हणत असेल. पुढच्या व्हिडिओ कॉलवर विचारून बघा. म्हणजे शब्द त्याच्या ओळखीचा आहे, त्याला खटकली ती बस.

आता ज्यासाठी हे उत्तर लांबवते आहे तिकडे येते. तुमच्या पत्रात एक समजूत आहे, आणि ती तुमच्या एकटीची नाही. भाषांतर करत इंग्रजी शिकलेल्या आपल्या सगळ्यांची आहे. ‘उतरणे’ हा एक शब्द आहे, तर त्याला इंग्रजीत एक शब्द असणार, आणि तो सापडला की काम झालं. आपल्या ‘उतरणे’कडे जरा बघा तरी. ताप उतरतो, भाव उतरतो, पूर उतरतो, तोंड उतरतं, पाहुणे लॉजवर उतरतात, माणूस कसोटीला उतरतो. या सगळ्याला एक इंग्रजी शब्द पुरेल असं तुम्हालाही वाटत नाही. मग फक्त गाड्यांसाठी तो पुरावा असा हट्ट का?

गाड्यांच्या बाबतीत इंग्रजी ‘खाली आलास का’ असं विचारतच नाही. ती विचारते, ‘तू कशाच्या वर होतास की कशाच्या आत?’ वर असशील तर ‘ऑफ’, आत असशील तर ‘आउट ऑव्ह’. आणि इथे आपल्याकडे एक आयती किल्ली आहे, जी मला वर्गात फार कमी वापरलेली दिसते. मराठीत क्रियापद एकच असलं तरी त्याच्या आधीचा शब्द बरंच काही सांगून जातो. सायकलवरून उतर. घोड्यावरून उतर. रिक्षातून उतर. वडापमधून, म्हणजे सवारीच्या जीपमधून, उतर. ‘वरून’ की ‘तून’ यात पहिलीतलं पोरगंही चुकत नाही. ‘रिक्षावरून उतरलो’ असं कुणी म्हटलं तर पोरंच विचारतील, टपावर बसला होतास का रे? हाच फरक इंग्रजी क्रियापदाच्या मागे लावते. सायकलवरून उतरलो, ‘आय गॉट ऑफ द सायकल’. रिक्षातून उतरलो, ‘आय गॉट आउट ऑव्ह द रिक्षा’. बसतानाही तसंच: सायकलवर बस म्हणजे ‘गेट ऑन’, रिक्षात बस म्हणजे ‘गेट इन’ किंवा ‘गेट इनटू’. म्हणजे तुमच्या मुलांना निम्म्याहून जास्त नियम आधीच येतो आहे. त्यांना तो येतो हे कुणी त्यांना सांगितलेलं नाही, एवढंच.

अडतं ते एका जागी: बस, रेल्वे, विमान, जहाज. मराठीत आपण बस‘मधून’ उतरतो, इंग्रजीत मात्र ‘ऑफ द बस’. म्हणून मुलांना सांगायचं ते इतकंच की मोठ्या गाड्यांना इंग्रजी ‘वर’ समजते. ओळखायची खूण: ज्या वाहनात शिरल्यावर उभं राहून चार पावलं टाकता येतात, ते ‘ऑन’ आणि ‘ऑफ’. ज्यात वाकून शिरावं लागतं आणि शिरलं की बसूनच राहावं लागतं, ते ‘इन’ आणि ‘आउट ऑव्ह’. (दिवाळीच्या गर्दीत एसटीतही पाऊल टाकता येत नाही, ती गोष्ट वेगळी.) कार, जीप, रिक्षा, टॅक्सी दुसऱ्या गटात. वेण्णा लेकवरची वल्ह्यांची होडी दुसऱ्या गटात, पण मुंबईहून मांडव्याला जाणारी मोठी बोट पहिल्या. ज्यांच्या पाठीवर किंवा सीटवर टांग टाकून बसतो ती सायकल, मोटारसायकल आणि घोडा तर मराठीतही ‘वर’च आहेत, त्यांचं काही नवीन सांगायला नको. ट्रॅक्टरही तसाच. ट्रकच्या केबिनमध्ये ‘गेट इन’, मागे हौद्यात चढायचं तर ‘क्लाइंब ऑन’. लिफ्ट या खुणेत बसत नाही: उभं राहतो, तरी ब्रिटिश ‘इन’ म्हणतात. असू द्या. खूण आहे, कायदा नव्हे.

मग ‘डाउन’ला वर्गातून हद्दपार करायचं का? मुळीच नाही. झाड, भिंत, शिडी, माळा, टेबल, जिथे उंचीवर चढलो होतो आणि आता खाली येतोय, तिथे ‘गेट डाउन’च हवं. बसच्या टपावर सामान बांधायला चढलेला माणूस खाली येतो तेव्हा तो ‘गेट्स डाउन फ्रॉम द रूफ’. त्याच बसमधले प्रवासी मात्र ‘गेट ऑफ’ होतात. हे एक वाक्य फळ्यावर लिहून शेजारी बसचं चित्र काढलंत, टपावर एक माणूस आणि दारात एक माणूस, तर मला वाटतं अर्धा तास समजावण्यापेक्षा ते जास्त काम करेल.

एक इशारा. ‘गेट डाउन’वरून ‘गेट ऑफ’कडे जाताना मुलं, आणि मोठी माणसंही, हमखास एका खड्ड्यात पडतात: ‘गेट ऑफ फ्रॉम द बस’. ‘डाउन’ला ‘फ्रॉम’ लागतो, ‘ऑफ’ला लागत नाही. ‘गेट ऑफ द बस’, संपलं. कुठे उतरलो ते सांगायचं तर ‘अ‍ॅट’: ‘वी गॉट ऑफ अ‍ॅट कराड’. बसचं नाव घ्यायची गरज नसेल तर ‘वी गेट ऑफ हिअर’. दुसरा खड्डा आपल्या देवनागरीने खणलेला आहे. आपण दोन वेगळे शब्द एकाच ‘ऑफ’मध्ये कोंबतो. दोन एफ असलेला तो ‘ऑफ’, एक एफ असलेला उच्चारात ‘ऑव्ह’. मुलं ‘आउट ऑव्ह द कार’मध्ये दोन एफ लिहितात ते त्यामुळेच. मी वर मुद्दाम वेगळे लिहिले आहेत. फळ्यावरही वेगळे लिहा.

तिसरी गोष्ट शब्दांच्या जागेची. ‘टेक ऑफ युअर शूज’ म्हणता येतं, ‘टेक युअर शूज ऑफ’ही म्हणता येतं. ‘गेट ऑफ द बस’ म्हणता येतं, पण बस मध्ये घालून ‘गेट द बस ऑफ’ म्हणता येत नाही. मुलांना कारण सोप्या भाषेत सांगता येतं: बूट काढताना हलतात बूट, बसमधून उतरताना हलतो मी, बस आहे तिथेच आहे. सर्वनाम आलं तरी तसंच: बूट ‘टेक देम ऑफ’, पण बस ‘गेट ऑफ इट’. भूतकाळ ‘गॉट ऑफ’. ‘नुकताच उतरलोय’ याला ब्रिटनमध्ये ‘आय हॅव जस्ट गॉट ऑफ’, अमेरिकेत ‘गॉटन ऑफ’. तुम्ही पहिलं शिकवा. बोलताना दोन्ही शब्द चिकटतात आणि ‘गेटॉफ’ असं एकच ऐकू येतं. अमेरिकन तोंडी तर ‘गेडॉफ’. तोडून तोडून ‘गेट… ऑफ’ म्हणायची सवय मुलांना लावली तर पुढे ऐकताना त्यांना तो शब्द ओळखूच येत नाही.

आणि सुराकडे लक्ष असू द्या. नुसतं ‘गेट ऑफ!’ म्हणजे ‘हो बाजूला’, ‘हात लावू नकोस’. नुसतं ‘गेट आउट!’ म्हणजे ‘चालता हो’. मुलांना खेळायला मैदानावर न्यायचं असेल तर कृपा करून ‘लेट्स गो आउट’ म्हणा. उतरताना माणसं प्रत्यक्षात काय बोलतात ते शिकवलेलं जास्त उपयोगी पडतं. मुंबईच्या लोकलमध्ये पुढच्याच्या खांद्याला हात लावून ‘दादर उतरणार का?’ विचारतात, त्याचं इंग्रजी ‘आर यू गेटिंग ऑफ अ‍ॅट दादर?’ गर्दीतून वाट काढायची तर ‘एक्सक्यूज मी, आय अ‍ॅम गेटिंग ऑफ हिअर’. आपला थांबा आला की सोबतच्याला ‘धिस इज अवर स्टॉप’. लंडनमध्ये त्यासाठी ‘धिस इज अस’ असंही म्हणतात, ते तुम्ही ऐकलं असेल आणि ‘हे आपण?’ म्हणून बुचकळ्यात पडला असाल. तिथल्या पाट्यांवर आणि घोषणांत उतरण्यासाठी ‘अलाइट’ हा शब्द असतो. तो पाट्यांवरच शोभतो, नातवाशी बोलताना नको. तशीच एक घोषणा ‘ऑल चेंज, प्लीज’. गाडी इथेच संपली, सगळे उतरा, असा तिचा अर्थ. फ्रेजल व्हर्ब येतं की नाही याची भीती बाळगणाऱ्यांना मी नेहमी हे उदाहरण देते, कारण यात उतरण्याचा शब्दच नाही. आजूबाजूचे उठताना दिसले की आपणही उठायचं, एवढंच हाती असतं.

‘गेट ऑफ’चे बाकीचे अर्थ आहेत: अमेरिकेत कामावरून सुटणं, फोन ठेवणं, गुन्हा करून थोडक्यात सुटणं. ब्रिटनमध्ये ‘विथ’ जोडलं की भलताच खासगी अर्थ होतो. पाचवीच्या वर्गात यातलं एकही शिकवू नका. अंगाने होणारी हालचाल पक्की झाली की बाकीचं त्यावर पुढे चढत जातं.

हजारो फ्रेजल व्हर्ब्जच्या भीतीबद्दल. यादी करून पाठ करायची म्हटलं तर भीती वाटणारच, आणि अशा याद्या विकणारी पुस्तकं एसटी स्टँडच्या स्टॉलवरही मिळतात. पण बाई, तुमची पहिलीतली पोरं पहिल्याच आठवड्यात ‘स्टँड अप’, ‘सिट डाउन’, ‘कम इन’ शिकतात. ती फ्रेजल व्हर्ब्जच आहेत. ती त्यांना कधी अवघड गेली? गेली नाहीत, कारण तुम्ही त्यांचा अर्थ सांगितला नाहीत. तुम्ही हात वर केलात आणि पोरं उभी राहिली. याच तत्त्वावर अमेरिकेतले मानसशास्त्राचे प्राध्यापक जेम्स अ‍ॅशर यांनी १९६०च्या दशकात एक पद्धत मांडली: शिक्षकाने आज्ञा द्यायची, मुलांनी अंगाने ती करून दाखवायची, बोलायची घाई करायची नाही. इंग्रजीत तिला ‘टोटल फिजिकल रिस्पॉन्स’ म्हणतात. तुम्ही ती नाव माहीत नसताना वर्षानुवर्षं करत आलात. फक्त ‘स्टँड अप’, ‘सिट डाउन’पाशी थांबलात.

तिथून पुढे न्या. शाळेच्या अंगणात खडूने मोठा लांबट चौकोन आखा, ती एसटी. एका मुलाला कंडक्टर करा. पोरं त्यासाठी भांडतील. चार खुर्च्या जवळजवळ मांडल्या की वडाप. व्हरांड्यातली एखादी सायकल खरीच घ्या. बुटकी भिंत किंवा पायरी ‘डाउन’साठी. तुम्ही फक्त म्हणा, ‘गेट ऑन द बस’, ‘गेट ऑफ द बस’, ‘गेट इन द जीप’, ‘गेट आउट ऑव्ह द जीप’, ‘गेट डाउन फ्रॉम द वॉल’. वडापमध्ये शिरताना त्यांना खरोखर वाकायला लावा, नाहीतर आत आणि वर यातला फरक अंगात उतरणार नाही. मग आज्ञा द्यायचं काम मुलांकडे द्या. एखादं पोरगं खोडसाळपणे ‘गेट ऑन द जीप’ म्हणेल आणि दुसरं वर चढायला बघेल. चढू द्या, जीप खुर्च्यांचीच तर आहे. ज्या मोठ्या वाचकांना हा खेळ खेळायला अंगण नाही, त्यांनी रोजच्या प्रवासात स्वतःशीच बोलावं. रिक्षात बसताना, मेट्रोत चढताना, ऑफिसच्या लिफ्टमधून बाहेर पडताना मनातल्या मनात एक वाक्य. यादी वाचण्यापेक्षा हे बरं, कारण पाय आणि शब्द एकदमच चालतात.

आता तुमचा मुख्य प्रश्न: वर्गात कबुली द्यायची का? तीन वाटा दिसतात. काहीच न बदलणं ही एक. तुमच्या सहकाऱ्यांना ती पसंत आहे. आपली पोरं लंडनला निघालेली नाहीत, हे त्यांचं म्हणणं मला पटत नाही. तुमची लेक याच शाळेतून निघाली ना? आणि लंडन राहू द्या, पुण्यातल्या कॉल सेंटरमध्ये, मर्चंट नेव्हीत, आखातातल्या हॉस्पिटलात याच जिल्ह्यातली मुलं परदेशी माणसांशी रोज बोलतात. दुसरी वाट म्हणजे उभं राहून ‘मी आजवर चूक शिकवलं’ असं जाहीर करणं. ती प्रामाणिक वाटते, पण ती खोटी आहे. तुम्ही भारतात चालणारं इंग्रजी शिकवलंत. मुलांच्या घरी जाऊन पोचणारा निरोप मात्र असा असेल की बाईंना इंग्रजी येत नाही. शिवाय ज्या मुलाचा बाप पुण्यात ‘गेट डाउन’ म्हणत टॅक्सी चालवतो, त्याला तुम्ही सांगितलंत की बापाचं इंग्रजी चूक.

तिसरी वाट मला बरी वाटते. ‘गेट ऑफ’ आधी शिकवा, तेच बोला, त्याचाच सराव घ्या. आणि एकदा, फक्त एकदा, सांगा की आपल्या देशात पुष्कळ लोक इथे ‘गेट डाउन’ म्हणतात, ते तुमच्या कानावर पडेल, अर्थ तोच. बाहेरच्या देशातल्या माणसाशी बोलताना ‘गेट ऑफ’ म्हणा. माझी लेक तिकडे गेली आणि तिकडचं बोलायला शिकली, हेही सांगायला हरकत नाही. तिचं उदाहरण तुमच्या काळजीवरचं सगळ्यात चांगलं उत्तर आहे. तिला तुम्हीच ‘गेट डाउन’ शिकवलंत. ते घेऊन ती लंडनला पोचली, तिथे कान उघडे ठेवून ‘गेट ऑफ’ उचललं आणि पुढे गेली. तुमच्या शिकवण्याने तिचं काही अडलं नाही.

नातवाचं एक राहिलं. तो तुम्हाला दुरुस्त करतो तेव्हा त्याला गप्प करू नका आणि स्वतः ओशाळूही नका. त्याला मराठीत ‘उतरलो’ म्हणायला लावा. मला शंका आहे की तो ‘मी बसवरून उतरलो’ म्हणेल, कारण त्याच्या डोक्यात ‘ऑफ’ म्हणजे ‘वरून’ पक्कं आहे. तेव्हा तुम्ही हसाल, पण त्याचं मराठी चुकलं म्हणून नव्हे. बसमधल्या त्या बाईचंही तसंच असेल कदाचित. मग त्याला ‘बसमधून’, ‘सायकलवरून’, ‘रिक्षातून’ शिकवा. रिक्षा त्याने पाहिली नसेल तर पुढच्या सुट्टीत साताऱ्याच्या स्टँडवरून एक चक्कर मारा.

शेवटी तुम्ही उत्तरपत्रिकांबद्दल विचारलं नाहीत, पण पहिल्या चाचणीतच प्रश्न येईल म्हणून लिहून ठेवते. रिकाम्या जागा भरायला देताना वाक्याशेजारी वाहनाचं लहानसं चित्र काढा, नाहीतर मुलं वाहनाचा विचार न करता अंदाजाने ठोकतील. मुलाने बससाठी ‘गेट डाउन फ्रॉम’ लिहिलं तर यंदा मार्क कापू नका, शेजारी ‘गेट ऑफ’ लिहून द्या. पुढच्या वर्षीपासून, तुम्ही नीट शिकवल्यावर, अर्धा मार्क कापलात तरी चालेल. आणि ‘गेट ऑफ फ्रॉम द बस’ लिहिणाऱ्याच्या ‘फ्रॉम’भोवती लाल गोल करा, पण मार्क पूर्ण द्या. त्याने अवघड भाग बरोबर केलेला आहे.